लॅटिनो वस्त्यांमधले एचआयव्ही प्रतिबंधाचे काम : माणसे तपासणीला का येत नाहीत, आणि काय केले तर येतात

नॉर्थ कॅरोलिनातील एका काउंटीच्या आरोग्य विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका मराठी तरुणीने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या विभागाने एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांची मोफत तपासणी ठेवली, स्पॅनिशमध्ये पत्रके छापली, कर्मचाऱ्यांना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, संस्कृतीविषयी प्रशिक्षणही दिले. तरी काउंटीतल्या मेक्सिकन, होंडुरन आणि ग्वाटेमालन कुटुंबांतून फारसे कोणी फिरकत नाही. चूक कुठे होते आहे, उरलेला निधी कशावर खर्च करावा आणि आपण स्वतः स्पॅनिश शिकल्याने कितपत फरक पडेल, असे त्यांनी विचारले आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मी याच क्षेत्रात बरीच वर्षे काम करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या विभागाने माहिती पोहोचवण्याची तजवीज केली आहे, परंतु तपासणीला येण्यासाठी त्या माणसाला काय किंमत मोजावी लागते याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. तपासणी मोफत आहे ती तुमच्या खात्यावर. त्याच्या खात्यावर ती बरीच महाग पडते. चिकन प्रक्रिया कारखान्यात काम करणारा तिशीतला एखादा होंडुरन माणूस डोळ्यांसमोर आणा. तुमचे केंद्र सोमवार ते शुक्रवार आठ ते पाच उघडे असते आणि त्याची पाळीही त्याच वेळेची असते. दांडी मारली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय अनेक कारखान्यांत गैरहजेरीचा गुण नावावर चढतो आणि असे ठरावीक गुण साठले की नोकरीच जाते. नॉर्थ कॅरोलिनात कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्यांना वाहन परवाना मिळत नाही आणि ग्रामीण काउंट्यांत बससेवा नावापुरतीच असते. म्हणजे त्याने एकतर विनापरवाना गाडी हाकत यायचे, किंवा ओळखीच्या कोणाला पैसे देऊन, आणि आपण कुठे चाललो आहोत हे त्याला सांगून, यायचे. इतके करून तो पोहोचला तरी खिडकीपाशी त्याच्या हातात अर्ज येतो आणि त्यात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा, म्हणजे कागदपत्रे नसलेल्यांकडे नसणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचा, रकाना असतो. तो रिकामा ठेवला तरी चालतो हे तुम्हाला माहीत असते, त्याला नसते. पुढे प्रतीक्षागृहात त्याच्या चर्चमधली बाई मुलाला लस टोचून घ्यायला आलेली दिसते, आणि तेवढ्यात आतून कोणीतरी त्याचे नाव मोठ्याने पुकारते. या माणसाला एचआयव्हीबद्दल काहीच माहिती नाही असे समजून आपण त्याच्यासाठी आणखी एक पत्रक छापतो.

या कामाची निकड किती आहे हे आकड्यांवरून ध्यानात येईल. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के लोक लॅटिनो आहेत. सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोग नियंत्रण संस्थेच्या, अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये देशात एचआयव्हीचे सुमारे ३१,८०० नवे संसर्ग झाले आणि त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लॅटिनोंमध्ये होते. त्याआधीच्या चार वर्षांत देशातील एकूण नव्या संसर्गांत घट झाली, लॅटिनोंमध्ये मात्र तशी घट दिसली नाही. प्रेपचे, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाचे, चित्रही असेच आहे : ज्यांना त्याचा उपयोग होऊ शकला असता अशांपैकी २०२२ मध्ये देशभरात साधारण ३६ टक्के लोकांना ते लिहून दिले गेले, लॅटिनोंमध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास होते. २०१२ मध्ये मान्यता मिळालेली आणि नियमित घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणारा संसर्ग सुमारे ९९ टक्क्यांनी टाळणारी गोळी इतक्या वर्षांनंतरही तीन चतुर्थांश गरजूंपर्यंत पोहोचत नसेल, तर अडचण औषधात नाही, ते औषध हातात पडेपर्यंतच्या वाटेत आहे.

संस्कृतीच्या प्रशिक्षणाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. एका दुपारच्या त्या सत्रात 'मचिस्मो' (मर्दानगीचा अभिमान), 'फामिलिस्मो' (कुटुंबाला सर्वांत वर मानणे) असे पाच-सहा शब्द फळ्यावर लिहिले जातात, आणि पुढे कोणी तपासणीला आले नाही की कारण म्हणून त्यांतलाच एखादा शब्द पुढे केला जातो. पुरुष येत नाहीत, कारण मचिस्मो; बायका बोलत नाहीत, कारण धर्म. केंद्र संध्याकाळी पाचला बंद होते हे कारण मात्र कोणाच्या अहवालात येत नाही. लैंगिक विषयावर घरात बोलायचे नाही, हा नियम आपल्या मराठी घरांतही तितक्याच कडकपणे पाळला जातो. पण पुण्यातला एखादा मुलगा तपासणीला गेला नाही तर त्याचे खापर आपण संपूर्ण मराठी संस्कृतीवर फोडत नाही.

याचा अर्थ संस्कृतीचा उपयोग होत नाही असा नाही, आणि याचे उत्तम उदाहरण तुमच्याच राज्यात घडलेले आहे. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे स्कॉट ऱ्होड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक लॅटिनो मंडळींना बरोबर घेऊन 'ओम्ब्रेस' नावाचा उपक्रम उभा केला. नॉर्थ कॅरोलिनाच्या ग्रामीण भागात स्थलांतरित पुरुषांच्या सॉकर लीग होत्या आणि दर आठवड्याला तेच पुरुष तिथे जमत होते. प्रत्येक संघातून एक विश्वासातला माणूस निवडला गेला. त्याला 'नावेगांते', म्हणजे वाट दाखवणारा, असे नाव होते. त्याला प्रशिक्षण मिळाले आणि पुढचे १८ महिने त्याने आपल्याच संघातल्या खेळाडूंशी सवडीने बोलायचे, कंडोम द्यायचे, तपासणीला कुठे आणि कसे जायचे ते सांगायचे, असे ठरले. या संघांतल्या पुरुषांमध्ये कंडोमचा नियमित वापर आणि एचआयव्ही तपासणी, दोन्ही इतर संघांच्या तुलनेत वाढल्याचे आढळले आणि सीडीसीने पुराव्यावर आधारलेल्या उपक्रमांच्या यादीत त्याचा समावेश केला. पुरुषपणाला दोष देत बसण्याऐवजी, स्वतःची आणि आपल्या माणसांची काळजी घेणे हे पुरुषाचेच काम आहे, अशी मांडणी त्यात होती. माझ्या मते खरी मेख मात्र दुसरीकडे आहे : खेळाडूला कुठेही वेगळे जावे लागले नाही, रजा घ्यावी लागली नाही, आणि बोलणारा माणूस त्याच्याच संघातला होता.

मैदानावर तपासणीची गाडी नेणार असाल, तर ती कुठे आणि कशी उभी करता याला फार महत्त्व आहे. गाडीचे दार मैदानाकडे असेल तर चढणारा प्रत्येक जण दोन्ही संघांना आणि त्यांच्या बायकामुलांना दिसतो. दार पार्किंगकडे असावे, गाडीवर एचआयव्हीचे नाव नसावे, आणि आत रक्तदाब, साखर आणि सिफिलिस यांचीही तपासणी असावी, म्हणजे आत कोण कशासाठी गेला हे बाहेरून कळत नाही. मात्र त्या आडून कोणाची नकळत एचआयव्ही तपासणी करू नका. 'या नमुन्यातून एवढ्या गोष्टी तपासतो, यांतली कोणती नको असेल तर सांगा,' असे प्रत्येकाला स्पष्ट सांगा. पहिल्या दोन-तीन रविवारी तर तपासणी करूच नये, असे मी सुचवेन. लीग चालवणाऱ्या माणसाशी ओळख करून घ्या, पाण्याच्या बाटल्या ठेवा, फ्लूची लस द्या, लोकांचे प्रश्न ऐका. निधी देणाऱ्यांना अहवालात या रविवारांसमोर शून्य दिसेल. ते कशासाठी होते हे आधीच लेखी कळवून ठेवावे.

मैदानाखेरीज इतर जागाही आहेत. मेक्सिकोच्या वकिलातींमध्ये 'व्हेंतानिया दे सालूद' नावाचा आरोग्य कक्ष असतो. पासपोर्ट किंवा ओळखपत्रासाठी लोक तिथे तासन्‌तास थांबलेले असतात, आणि सरकारी जागा असली तरी ती त्यांच्या स्वतःच्या सरकारची असते. कॅथलिक चर्च आणि पेंटेकोस्टल प्रार्थनागृहे यांच्याशी बोलताना, ते देऊ शकतील एवढेच मागावे. पाद्री व्यासपीठावरून कंडोमचे नाव घेणार नाही. पण सभागृह उघडून देईल, आजारी माणसाला वाळीत टाकू नका असे सांगेल, आणि तेवढे पुरेसे असते. हंगामी शेतमजुरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. एच-२ए व्हिसावर आलेले पुरुष बहुतेकदा मालकाने दिलेल्या निवासात राहतात आणि मालकाच्याच गाडीतून फिरतात. त्यामुळे त्यांच्यापर्यंत संध्याकाळी आणि निवासापाशीच पोहोचावे लागते. संसर्ग आढळलेला मजूर हंगाम संपल्यावर गावी परततो, तेव्हा मेक्सिकोत 'कापासित्स' या नावाने ओळखली जाणारी एचआयव्ही उपचार केंद्रे असतात. तो निघण्यापूर्वीच त्याच्या नोंदी तिकडे पोहोचतील अशी व्यवस्था करून ठेवायला हवी.

हे काम कोणी करायचे, याचे उत्तर जुनेच आहे. लॅटिन अमेरिकेत आणि अमेरिकेतल्या स्थलांतरितांमध्ये 'प्रोमोतोरा' म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर जे काम उभे केले, त्यातही कंडोम वाटण्यापासून दवाखान्यात सोबत जाण्यापर्यंतची कामे त्या स्त्रियांनीच हातात घेतली. आपण बाहेरून आलेली, पदवीधर माणसे तिथे हिशेब, नोंदी आणि औषधांचा पुरवठा सांभाळायला असतो. परंतु 'सहभाग' हा शब्द अर्जात लिहून वस्तीतल्या बाईकडून आठवड्याचे वीस तास फुकट काढून घेणे मला मान्य नाही. तिला तासाप्रमाणे मोबदला मिळाला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे पगारी नोकरी. काम करण्याची परवानगी नसलेल्या व्यक्तीला काउंटी नोकरीवर ठेवू शकत नाही, त्यामुळे मानधन कोणत्या संस्थेमार्फत आणि कोणत्या स्वरूपात द्यायचे हे काउंटीच्या वकिलाला विचारून आधीच ठरवा. काम सुरू झाल्यावर 'नियमात बसत नाही' असे सांगणे हा तिचा विश्वासघात ठरतो. मोबदल्याइतकीच निर्णयाची बाबही महत्त्वाची आहे. तुमची सल्लागार समिती वर्षातून दोनदा जेवायला बोलावून पत्रकाचा रंग विचारण्यापुरती असेल, तर ती नसलेली बरी. केंद्राच्या वेळा कोणत्या असाव्यात आणि पैशांतला किती भाग कोणत्या वस्तीला जावा, यावर तिचे म्हणणे चालले पाहिजे.

आता भीतीविषयी. तुमच्यासारख्या किंवा माझ्यासारख्या एफ-१, एच-१बीच्या वाटेने आलेल्या माणसाला 'मीही स्थलांतरितच आहे' असे म्हणण्याचा मोह होतो. व्हिसाच्या तारखेची काळजी आणि सकाळी कामावर गेलेला नवरा संध्याकाळी परत येईल की नाही ही काळजी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची बरोबरी समोरच्याला लगेच खटकते. रुग्णालये, शाळा आणि चर्च अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळावी, असे जे धोरण होते ते जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाले, आणि त्याच वर्षी मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, नोंदी गृहसुरक्षा खात्याला दिल्या गेल्याच्या बातम्याही आल्या. अशा वेळी 'इथे तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात' किंवा 'तुमची माहिती कुठेही जात नाही' असे आश्वासन कधीही देऊ नका, कारण ते पाळणे तुमच्या हातात नाही. तपासणीत संसर्ग आढळला तर तो कायद्याने राज्याच्या आरोग्य खात्याला नावानिशी कळवावा लागतो. हे कशासाठी कळवतात आणि त्यानंतर कोणाचा फोन येऊ शकतो, हे आधीच सांगितले पाहिजे. आपल्या हातात एवढेच असते की, जी माहिती लागत नाही ती गोळाच करायची नाही. इमिग्रेशनचा दर्जा विचारू नका, आणि बोलण्याच्या ओघात कोणी सांगितला तरी केसपेपरवर लिहू नका. सोशल सिक्युरिटीचा रकाना अर्जावरून काढून टाकता येतो का ते पाहा. माझ्या अनुभवात त्यासाठी महिनोन्‌महिने बैठका होतात, पण तो निघाल्यावर पडणारा फरक कोणत्याही प्रचार मोहिमेपेक्षा मोठा असतो.

जुन्या नियमांच्या सावल्याही अजून रेंगाळत आहेत. एचआयव्ही असलेल्या परदेशी व्यक्तीला अमेरिकेत प्रवेश आणि स्थायिक होण्याचा परवाना नाकारणारी बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली, तरी तपासणीत काही निघाले तर ग्रीन कार्ड जाईल असे मानणारे लोक आजही भेटतात. 'पब्लिक चार्ज'चे, म्हणजे सरकारी मदत घेतल्यास ग्रीन कार्डला बाधा येण्याचे, नियम २०२० मध्ये कडक झाले, २०२१ मध्ये मागे घेतले गेले, २०२२ मध्ये नव्याने आले, आणि या येरझाऱ्यांत लोकांनी एकच निष्कर्ष काढला : सरकारी दारात पाऊल न ठेवलेले बरे. याबाबत तुम्ही स्वतः कायदेशीर सल्ला देऊ नका. विनामूल्य किंवा माफक शुल्कात काम करणाऱ्या इमिग्रेशन वकिलाला महिन्यातून एका संध्याकाळी केंद्रात बसवा. लोक वकिलासाठी येतात आणि जाताना तपासणीसाठी रक्त देऊन जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

पुरुषांशी संबंध ठेवणारे लॅटिनो पुरुष हा तुमच्या कामाचा गाभा आहे, कारण लॅटिनोंमधले बहुसंख्य नवे संसर्ग त्यांच्यातच होतात. त्यांतले कित्येक स्वतःला समलैंगिक म्हणवत नाहीत, कित्येक विवाहित असतात, आणि समलैंगिकांचे चिन्ह असलेले इंद्रधनुष्याचे चित्र लावलेल्या दारातून ते आत येणार नाहीत. उलट अमेरिकेतच जन्मलेला बावीस वर्षांचा मुलगा नेमके ते चित्र पाहूनच आत येईल. त्याला तुमचे स्पॅनिश पत्रक नको असते, तो फोनवर इंग्रजीत वाचतो आणि डेटिंग अॅपवर तुमच्या कर्मचाऱ्याला मध्यरात्री प्रश्न विचारतो. या दोघांसाठी एकच कार्यक्रम आखला तर तो दोघांनाही उपयोगी पडत नाही. पहिल्याला एखादी प्रोमोतोरा किंवा संघातला सोबती लागतो. दुसऱ्याला उत्तर देणारा समवयस्क, घरपोच स्व-तपासणी संच आणि गोळी मिळण्याची सोपी वाट. स्व-तपासणी संचाची मर्यादाही सांगायला हवी : तोंडातील द्रवावर चालणाऱ्या चाचणीत अलीकडचा, सुमारे तीन महिन्यांच्या आतला संसर्ग सुटू शकतो.

प्रेपबद्दल बोलताना बहुतेक जण किमतीपाशी थांबतात. जेनेरिक गोळ्या आल्यापासून औषधाचा भार कमी झाला आहे, पण दर तीन महिन्यांची एचआयव्ही चाचणी, सुरुवातीची मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी आणि प्रत्येक भेटीचे शुल्क हे सगळे मिळून विमा नसलेल्याला जड जाते; निधीतून आधी हे भरा. त्याहून अवघड प्रश्न घरातला असतो. सहा जण मिळून राहतात त्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, गोळ्यांची बाटली ठेवायची कुठे? बाटलीवरचे नाव शोधले तर एचआयव्हीचे औषध असे दिसते, आणि ते प्रतिबंधासाठी आहे हे समजावत बसण्यापेक्षा माणूस गोळी बंद करतो. साध्या डबीत गोळ्या काढून देणे, औषध घरी न पाठवता केंद्रातूनच देणे, पालकांच्या विम्यावर असलेल्या तरुणासाठी विमा कंपनीचे पत्र घरी जाणार नाही असे पाहणे, ही कामे क्षुल्लक वाटतात, पण औषध चालू राहणे त्यांवरच अवलंबून असते. याच कारणाने इंजेक्शनकडे माझे लक्ष आहे : दर दोन महिन्यांनी घ्यायचे काबोटेग्राव्हिर २०२१ मध्ये आणि दर सहा महिन्यांनी घ्यायचे लेनाकापाव्हिर जून २०२५ मध्ये मान्य झाले. ज्याला गोळी लपवावी लागते त्याच्यासाठी वर्षातून दोन इंजेक्शने ही मोठी सोय आहे, मात्र किंमत आणि विमा यांचे कोडे सुटले तरच.

स्त्रियांबद्दल एवढेच सांगतो की, त्यांना 'जोखमीचा गट' म्हणून हाक मारू नका. नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या बाईला तो शब्द अपमानास्पद वाटतो आणि तिचे म्हणणे बरोबर आहे. 'सेपा' हा लॅटिना स्त्रियांसाठीचा गटचर्चेचा उपक्रम जोडीदाराशी बोलणे, घरातली हिंसा आणि स्वतःची काळजी यांवर बेतलेला आहे, आणि तो जसाच्या तसा वापरता येतो. गरोदर स्त्रियांची सिफिलिस तपासणी मात्र लांबणीवर टाकू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत जन्मजात सिफिलिसची ३,७०० हून अधिक बाळे नोंदली गेली आणि वेळीच पेनिसिलिन दिले असते तर त्यांतल्या बहुतेकांचा संसर्ग टाळता आला असता. ट्रान्स लॅटिना स्त्रियांसाठी स्वतंत्र तजवीज लागते. त्यांना पुरुषांच्या कार्यक्रमात ढकलू नका. हार्मोनची सेवा आणि प्रेप एकाच ठिकाणी देणारा डॉक्टर शोधा.

संसर्ग आढळल्यावर काय होते यावर पुढच्या दहा जणांचे येणे अवलंबून असते, कारण वस्तीत बातमी पसरते. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या मनात एड्सचे चित्र अजून नव्वदच्या दशकातले आहे : टीव्हीवरून घराघरांत पोहोचलेला क्युबन-अमेरिकन तरुण पेद्रो झामोरा १९९४ मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी एड्सने गेला, तेव्हा परिणामकारक संयुक्त औषधोपचार यायला अजून दोन वर्षे होती. आज नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही, हे तपासणीच्या आधीच सांगितले पाहिजे, निकालानंतर नव्हे; धक्का बसलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. १९९० पासून एचआयव्हीच्या उपचारांसाठी निधी देणाऱ्या 'रायन व्हाइट' कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. तरीही ज्या दवाखान्यात पाठवणार तिथे त्याच आठवड्यात स्वतः फोन करून कोणते कागद मागतात हे विचारून घ्या, आणि पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत पाठवा.

इथे नोंदणीतला एक घोळ सांगतो, तो फार ठिकाणी होतो. स्पॅनिश भाषक देशांत माणसाला सहसा दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे आणि मग आईचे. 'होसे गार्सिया लोपेझ' याला एका खिडकीवर लोपेझ म्हणून नोंदतात, दुसऱ्या खिडकीवर गार्सिया म्हणून, आणि प्रयोगशाळेचा निकाल तिसऱ्याच नावाने येतो. मग 'रुग्ण संपर्काबाहेर' असा शेरा पडतो आणि तो बिचारा तिकडे निकालाची वाट पाहत असतो. दोन्ही आडनावे, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहिण्याची शिस्त लावा. त्याचा प्रीपेड फोन क्रमांक वरचेवर बदलत असेल हे गृहीत धरून, कोणाकडे निरोप ठेवलेला चालेल आणि त्या निरोपात काय म्हणायचे, हेही त्यालाच विचारून ठेवा.

उरलेल्या निधीविषयी माझा क्रम असा राहील : सर्वांत आधी आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पगार, मग प्रोमोतोरांचा मोबदला, मग दुभाषे, मग प्रेपसाठीच्या तपासण्या आणि ने-आण करणाऱ्या गाडीचे भाडे. जाहिरात फलक, टी-शर्ट आणि लॅटिनो एड्स जागृती दिनाचा म्हणजे १५ ऑक्टोबरचा मेळावा शेवटी, पैसे उरले तर. मेळाव्याला किती माणसे आली हे मोजण्यापेक्षा, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांतल्या कितींनी तपासणी केली, कितींपर्यंत निकाल पोहोचला, आणि ज्यांना औषध सुरू झाले त्यांतले किती तीन महिन्यांनी टिकून आहेत हे मोजा. आकडे लहान येतील, पण गळती कुठे आहे ते त्यांतून कळेल.

राहिला स्पॅनिशचा प्रश्न. जरूर शिका, फोनवर वेळ ठरवणे, पत्ता सांगणे, मुलांची चौकशी करणे एवढे जमले तरी लोक तुम्हाला ओळखू लागतात. पण तुमच्या राज्यातल्या मॉर्गंटनसारख्या गावांत ग्वाटेमालाहून आलेली मायन कुटुंबे आहेत, त्यांची घरची बोली कान्होबालसारखी मायन भाषा असते आणि त्यांना स्पॅनिशही जेमतेम येते. तेव्हा 'कोणत्या भाषेत बोलायला बरे वाटेल?' हा प्रश्न अर्जात पहिला हवा. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला आईच्या पांढऱ्या स्रावाबद्दलचे प्रश्न भाषांतरित करायला लावणारे केंद्र मी पाहिले आहे. आणीबाणी वगळता मुलांना दुभाषी म्हणून वापरायला आरोग्यसेवा कायद्याच्या नियमांत मनाई आहे, आणि ती आई त्या मुलीसमोर खरे काही सांगणारही नसते. निकाल सांगणे आणि लैंगिक इतिहास विचारणे, ही दोन कामे तुमचे स्पॅनिश परीक्षेने प्रमाणित होईपर्यंत प्रशिक्षित दुभाष्याकडेच ठेवा. त्याच्याशीही आधी पाच मिनिटे बोलून घ्या, कारण पुष्कळ दुभाषे गुदमैथुन, मुखमैथुन असे शब्द उच्चारायला कचरतात आणि तुमच्या नेमक्या प्रश्नाचे 'काही विशेष संबंध होते का' असे काहीतरी गुळमुळीत करून टाकतात. शेवटी रुग्णाला, आता पुढे काय करायचे आहे ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा आणि ते दुभाष्याकडून शब्दशः ऐकून घ्या. गोळी रोज घ्यायची की संबंधांच्या आधी एकदाच, याबाबतचे गैरसमज तिथेच उघडे पडतात.